रात्र कशी जाते, हेही विचारावे

निद्रेला आपल्या शास्त्राने शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे, हे वैद्यबंधुभगिनींना नव्याने सांगण्याचे कारण नाही. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य ही त्रयी आपण पहिल्या वर्षापासून घोकत आलो. तरीही समोर बसलेला रुग्ण "डॉक्टर, झोप येत नाही" असे म्हणाला, की आपल्यापैकी बहुतेकांचा हात लेखणीकडे जातो आणि लेखणी ठरावीक चार-पाच नावांकडे वळते. अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी, तगर. तक्रार फारच हट्टी असल्यास सर्पगंधा. हाच रुग्ण थेट औषधी विक्रेत्याकडे गेला, तर तेथेही फारसे निराळे घडत नाही. "साइड इफेक्ट नसलेले काही तरी आयुर्वेदिक द्या" असे तो म्हणतो आणि फळीवरची एखादी आकर्षक बाटली खाली येते. जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांत सुमारे वीस वर्षे चिकित्सा करताना प्रस्तुत लेखकही हेच करीत आला. त्या सवयीविरुद्ध येथे थोडी तक्रार मांडावयाची आहे, आणि ती प्रथम स्वतःविरुद्ध आहे.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मोखाडा तालुक्यातील एका दूरच्या पाड्यावरून एक वृद्धा दवाखान्यात आली. वय पासष्टच्या आसपास, कृश, वातप्रधान प्रकृती, जिव्हा रूक्ष, मलप्रवृत्ती कठीण. तक्रार एकच, रात्री झोप नाही. निदान करण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. वृद्धावस्था, शीत ऋतूचा आरंभ, वातवृद्धी. सारे कसे पुस्तकातल्यासारखे जुळले. अश्वगंधा चूर्ण दुधातून घेण्यास सांगितले. घरी दूध आहे का, हे विचारले नाही. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. झोप नाहीच. मग जटामांसी जोडली. तरीही गुण नाही, तेव्हा सर्पगंधा दिली. तीन आठवड्यांनी तिला शेजारचा एक मुलगा धरून घेऊन आला. म्हातारी मंदावली होती, बोलत नव्हती, उठताना तिला भोवळ येत होती. रक्तदाब पाहिला तो नव्वदपर्यंत उतरलेला. सर्पगंधा त्याच क्षणी बंद केली.

त्या दिवशी माझ्या दवाखान्यातील मदतनीस बाईने, जी त्याच भागातली आहे, म्हातारीला तिच्या बोलीत सहज विचारले की रात्रभर तू करतेस तरी काय? तेव्हा जे बाहेर आले ते मी तीन भेटींत विचारलेच नव्हते. दिवाळीनंतर मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेले होते. दोन नातवंडे तिच्यापाशी होती. आजूबाजूची तीनही घरे त्याच कारणाने बंद. तिच्या घराच्या दाराला कडी नव्हती. कारवीच्या कुडाचे घर, मागे जंगल. ती रात्रभर चुलीत लाकूड सारीत बसे आणि मुलांच्या अंगावरचे पांघरूण नीट करीत असे. तिला झोप येत नव्हती असे नाही. तिने झोपायचे नाही असे ठरविले होते. आणि मी तिच्या राखणीवर गुंगीचे औषध घालीत होतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांचा क्रम त्यानंतर मी पुन्हा वाचला. कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. आपण मात्र नेमके उलट्या बाजूने चालतो. वायूपासून आरंभ करतो, प्रकृतीपर्यंत येतो, फार तर एखादा विकार शोधतो आणि तेथेच थांबतो. 'कार्य' या पहिल्याच शब्दापर्यंत आपण क्वचित पोहोचतो. त्याच अध्यायात अतिनिद्रा मोडण्याचे जे उपाय दिले आहेत, तेच निद्रानाशाची कारणेही ठरतात. त्यांत भय आहे, चिंता आहे, धूर आहे, उपवास आहे आणि असुखकारक शय्या आहे. ही यादी वाचताना मला तर पाड्यावरचे ते चुलीच्या धुराने भरलेले घरच डोळ्यांपुढे आले. पावसाळ्याच्या अखेरीस जेव्हा कणगीतले धान्य संपते, तेव्हा त्यातील उपवासही खराच असतो.

जव्हार-मोखाड्याच्या रात्रींविषयी बाहेरच्या वाचकांची एक ठराविक कल्पना असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून पर्यटकांचा राबता वाढला आणि थंड हवा, धबधबे व तारपा ही त्रिसूत्री पक्की झाली. तारपा आहेच. भात व नागली घरात आली, की भोपळ्याच्या त्या वाद्याभोवती फेर धरून वारली मंडळी रात्र जागवतात. घांगळीवर कणसरीची कथा लावणारा भगतही आहे. फाल्गुन-चैत्रात मोखाड्याकडे बोहाडा होतो; टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवादिकांचे व असुरांचे मुखवटे घातलेली सोंगे पहाटेपर्यंत नाचतात आणि सारे गाव जागे असते. पीक पोटरीला आले की शेतातील माळ्यावर बसून रानडुकरांना हाकारत काढलेल्या रात्रीही येथे नेमाच्याच. मोहाची फुले पहाटे गळतात, म्हणून बायका उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. येथील माणसाला जागरण नवे नाही. परंतु या प्रत्येक जागरणाला काही काम आहे, सोबत आहे आणि शेवट आहे. बोहाड्याची रात्र जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी माझ्याकडे झोपेची तक्रार घेऊन आल्याचे मला आठवत नाही. तो घरी जाऊन झोपतो. वाग्भटांनी तसेच सांगितले आहे. सवय नसता रात्री जागरण घडले, तर जितका काळ जागलो त्याच्या निम्मा काळ सकाळी, अन्न घेण्यापूर्वी, झोपावे.

याच्या शेजारी दुसऱ्या रात्री ठेवून पाहाव्यात. भिवंडी, वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर गारा मळणे व विटा पाडणे हे काम उन्ह चढण्यापूर्वी उरकावे लागते, म्हणून ते मध्यरात्रीनंतर सुरू होते. तेथे वाग्भटांचा निम्म्या काळाचा नियम पाळण्याची सवड मुकादम देत नाही. किंवा मोखाड्यातील चैत्र-वैशाख. ज्या तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथेच उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि झऱ्यातून वाटी-वाटीने पाणी साठण्याची वाट पाहत बायका रात्री विहिरीवर बसतात. अशाच एका तिशीतल्या स्त्रीला मी एकदा शिरःशूल व निद्रानाश यांसाठी ब्राह्मी तैल शिरोभ्यंगास दिले होते. ज्येष्ठात पाऊस पडला आणि तिची तक्रार नाहीशी झाली. श्रेय मी अर्थातच ब्राह्मी तैलास दिले. ती रोज रात्री दोन ते चार विहिरीवर असे, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळले.

येथे कोणी म्हणेल, की हे सामाजिक प्रश्न झाले, वैद्याने त्यात काय करावे? मुद्दा रास्त आहे. विहिरीला पाणी आणणे किंवा स्थलांतर थांबविणे माझ्या हातात नाही. पण ज्याचे कारण 'कार्य' आहे त्याला 'वायू' समजून औषध देऊ नये, एवढे तर माझ्या हातात आहे. आणि रात्र कशी घालवावी यासंबंधी बोलणे, हे तर पूर्णपणे आपल्याच क्षेत्रातले आहे. निद्रानाशाच्या चिकित्सेत अभ्यंग, उत्सादन, स्नान, क्षीर व मांसरस यांच्याबरोबरच मनाला सुख देणारे व मनाला रुचणारे गंध आणि शब्द चरकांनी सांगितले आहेत. संवाहन सांगितले आहे. सुखकर शय्या आणि योग्य काळ सांगितला आहे. आपण त्यांतील जे बाटलीत भरता येते तेवढेच घेतले.

आधुनिक शास्त्र या बाबतीत अलीकडे कोठे पोहोचले आहे, हे पाहण्यासारखे आहे. १९७२ मध्ये रिचर्ड बुट्झिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनिद्रेच्या रुग्णांसाठी एक साधी रीत मांडली. झोप आली तरच अंथरुणावर जावे; काही वेळात झोप लागली नाही, तर कूस बदलत न पडता उठून दुसरीकडे बसावे, काही शांत काम करावे; डोळे जड झाले की परतावे; आणि रात्र कशीही गेली असली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. या व अशा अन्य रीती एकत्र करून जी वर्तन-चिकित्सा तयार झाली, तिलाच २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या जीर्ण अनिद्रेवरील पहिला उपचार म्हणून मान्यता दिली, गोळ्यांच्या आधी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही बोलका आहे. टांझानियातील हाडझा, नामिबियातील सान व बोलिव्हियातील त्सिमाने या विजेशिवाय राहणाऱ्या समाजांची झोप मोजली, ती सरासरीने पावणेसहा ते सात तासांच्या आसपास भरली. म्हणजे आठ तासांचा जो धाक आपण रुग्णांना घालतो, तेवढीही ती नव्हती. तरीही अनिद्रेची तक्रार त्यांच्यात फार थोडी आढळली आणि त्यांपैकी दोन समाजांच्या भाषेत तर अनिद्रेला शब्दच नव्हता.

आठ तासांच्या या धाकाने पछाडलेले एक शिक्षक माझ्याकडे येत असत. मराठवाड्यातून येऊन येथील आश्रमशाळेत नोकरीस असलेले, कुटुंब गावी, वय माझ्याच बरोबरीचे. रात्री दहाला पडत. साडेअकरा, पाऊण, दोन, असे घड्याळ पाहत. किती तास उरले याचा हिशेब करीत. मग मोबाइल उघडत. त्यांना मी पादाभ्यंग सांगितला, काशाच्या वाटीने. तेल येथे सहज मिळणारे खुरासणीचे. सायंकाळनंतरचा चहा सोडविला. कोऱ्या चहाला येथे कोणी चहा समजतच नाही, त्यामुळे तो वेगळा विचारावा लागतो, मिश्रीचेही तसेच. घड्याळ पेटीत ठेवण्यास सांगितले. आणि झोप मोडली की उठून हाताने करावयाचे एखादे काम ठरवून ठेवा, असे म्हटले. काम असे हवे, की ज्यात निकड नाही, ईर्ष्या नाही, आणि जे मध्येच टाकून उठता येते. त्यांनी शाळेच्या वाचनालयातील फाटकी पुस्तके घरी आणली आणि मंद दिव्याखाली खळ लावून ती सांधावयास घेतली. पहिल्या आठवड्यात आठ-दहा पुस्तके झाली. दुसऱ्यात चार. दीड महिन्यानंतर त्यांनी सांगितले, की आता एखादे पान चिकटवले की डोळे मिटू लागतात. वाचनालयातील निम्मी पुस्तके अद्याप तशीच आहेत. मुख्याध्यापक नाराज आहेत, असे कळते.

या शिक्षकांना औषध दिले नाही असे नाही. दिले. परंतु काय दिले हे लिहिण्यात मला आता फारसा रस वाटत नाही.

माझे स्वतःचे सांगतो. वडील गेल्यानंतरच्या वर्षात मलाही रात्री तीननंतर झोप नसे. सर्व उपाय ज्ञात असलेल्या माणसाची अनिद्रा ही विशेष त्रासदायक असते, कारण प्रत्येक उपाय करताना तो लागू पडतो की नाही हे तो जागा राहून पाहत असतो. शेवटी मी खल काढला. आवळकाठी चूर्णाला आवळ्याच्या रसाची भावना देत बसू लागलो. मर्दनाची ती एकसुरी घरघर, बोटांना हळूहळू जाणवणारा चूर्णाचा बदललेला स्पर्श. त्या वर्षी दवाखान्यात आमलकी रसायन मुबलक होते. घरच्या मंडळींची झोप मात्र माझ्या खलाने मोडली, तेव्हा बस्तान पडवीत हलवावे लागले. दुःख त्याने कमी झाले असे म्हणता येणार नाही. रात्र गेली, एवढेच. पण पुढच्या रात्रीची भीती वाटेनाशी झाली, आणि अनिद्रेत त्या भीतीचा वाटा फार मोठा असतो, हे मला रुग्ण झाल्यावर समजले.

आता औषधी विक्रेत्या बांधवांशी दोन शब्द. तालुक्याच्या ठिकाणी, विशेषतः बाजाराच्या दिवशी, झोपेच्या गोळ्या चिठ्ठीविना मागितल्या जातात, आणि त्या कोठेच मिळत नाहीत असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही द्रव्ये २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिकित्सकाचे नाव, रुग्णाचे नाव व दिलेले प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी वृद्ध माणूस अशा गोळीने रात्री लघवीस उठताना पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. ज्या पाड्यावरून रुग्णवाहिकेपर्यंत झोळीतून आणावे लागते, तेथे मोडलेल्या खुब्याचा अर्थ काय होतो, हे येथील प्रत्येकाला माहीत आहे. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जो रुग्ण अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेत आहे, त्याला "त्या फेकून द्या, हे आयुर्वेदिक घ्या" असे सांगणे हा गुन्हा आहे. एकाएकी बंद केल्यास आक्षेपक येऊ शकतात. त्या मूळ चिकित्सकाच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवाव्या लागतात.

'आयुर्वेदिक म्हणून निरुपद्रवी' हे वाक्य तर आपण आपल्या दुकानांतून व दवाखान्यांतून हद्दपार करावे. सर्पगंधेचा इतिहास यासाठी पुरेसा आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिले, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि जगभर तिचे नाव झाले. त्याच दशकात, रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदीही झाल्या. शोकाने किंवा एकटेपणाने जागणाऱ्या माणसाला ती देताना माझा हात आता थांबतो. जटामांसीची अडचण निराळी. ती हिमालयातून येते, तिचे अस्तित्व धोक्यात आहे आणि बाजारातील भेसळही तितकीच आहे. म्हशीचे दूध निद्राकर खरे, परंतु ज्याच्या घरी चहालाही दूध नाही त्याला ते लिहून देणे म्हणजे थट्टा आहे.

घोरता घोरता श्वास अडकणारा स्थूल रुग्ण, झोपेची गरजच न वाटता अखंड बोलणारा व पैसे उधळणारा तरुण, पहाटे उठून मरणाचे विचार येतात असे सांगणारी बाळंतीण, यांना पुस्तके सांधावयास सांगू नये. त्यांना वेळेवर पुढे पाठवावे. २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते व मराठीतूनही बोलता येते. तो क्रमांक प्रत्येक दवाखान्यात व दुकानात दर्शनी लावण्यास खर्च काहीच नाही.

सहकाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी साठ-सत्तर रुग्ण असतात, रात्र कशी जाते हे ऐकत कोण बसणार? आणि औषधाविना परत पाठविलेला रुग्ण पुन्हा येत नाही. दुसरा भाग खरा आहे, म्हणून मी औषधाविना सहसा पाठवीत नाही. पहिल्याबद्दल एवढेच म्हणेन, की त्या वृद्धेच्या तीन भेटी, तीन औषधे आणि एक संकट, यांत जितका वेळ गेला त्याच्या चतुर्थांशातही तो प्रश्न विचारून झाला असता. शिवाय तो मीच विचारला पाहिजे असे नाही. माझ्याकडे तो आता मदतनीस बाईच विचारते, केसपेपर काढतानाच, आणि माझ्यापेक्षा चांगला विचारते. दाराला कडी आहे का, इथपर्यंत ती जाते.

त्या म्हातारीचे पुढे असे झाले. पाड्यावर तिच्यासारख्याच मागे राहिलेल्या आणखी दोन वृद्धा होत्या. तिघींनी नातवंडांसह एका घरी निजावे, असे मी सुचविले. सुचविले म्हणणेही जास्तच आहे. पूर्वी तसेच करीत असू, असे ती म्हणाली, मधल्या काळात कशावरून तरी बोलणे तुटले होते. ते बाईने जाऊन जुळवून दिले. तिघी पूर्वरात्री वालाच्या व उडदाच्या शेंगा सोलत बसत, एक जण आळीपाळीने चुलीशी जागी राही आणि बाकीच्या झोपत. चुलीशी बसलेलीलाही भिंतीला टेकून डुलकी लागेच. बसल्या बसल्या लागलेली झोप रूक्षताही आणत नाही आणि अभिष्यंदही करीत नाही, असे चरकांनी नोंदवून ठेवले आहे. तिला ते सांगितले तेव्हा तिला त्यात विशेष असे काही वाटले नाही.

होळीला मुलगा-सून परत आले. त्यानंतर ती एकदा येऊन गेली, गुडघे दुखतात म्हणून. झोपेचे विचारले, तर म्हणाली, घर भरले आहे, नातवंडे रात्रभर लाथा मारतात, कसली झोप. औषध मात्र तिने गुडघ्यासाठीच मागितले. निर्गुंडीचे तेल दिले.